मिड सफोकचा निकाल: ३४ जागांची गोष्ट



आजचा विषय जरा लांबचा आहे. इंग्लंडमध्ये मिड सफोक नावाचा एक ग्रामीण भाग आहे. तिथे ४ मे २०२३ ला स्थानिक निवडणूक झाली. तिच्या निकालाबद्दल आज बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, आपल्याकडच्या निवडणुका काय कमी आहेत, की इंग्लंडला जायचं? पण हा विषय आमच्या गटाच्या बैठकीतूनच निघाला. एका ताईंची मुलगी इंग्लंडमध्ये नर्स आहे. तिच्या घरी टपालाने मतदानाचं कार्ड आलं. ताईंनी आम्हाला विचारलं, "माझ्या पोरीकडे पासपोर्ट भारताचा. मग तिला तिकडे मत कसं काय? आणि त्या कार्डावर डिस्ट्रिक्ट कौन्सिल लिहिलंय, म्हणजे आपली जिल्हा परिषदच ना?"

प्रश्न दोन होते, पण उत्तर शोधता शोधता आम्ही बरंच वाचलं आणि मिड सफोकच्या निकालापाशी येऊन थांबलो. कारण या एका निकालात आपल्या कामाच्या पुष्कळ गोष्टी आहेत. निवडणुकीचा निकाल म्हटला की आपण विचारतो, "कोण आलं?" उत्तर मिळालं की विषय संपला. निकाल त्यापेक्षा जास्त काही सांगत असतो, फक्त तो वाचता आला पाहिजे. पासबुकात शेवटची शिल्लक बघून आपण थांबत नाही, कधी किती जमा झाले, कधी किती काढले तेही बघतो. निकालाचंही तसंच.

डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे

आधी ताईंचा दुसरा प्रश्न घेऊ. इंग्लंडच्या ग्रामीण भागात बऱ्याच ठिकाणी तीन पायऱ्यांचा कारभार आहे. सगळ्यात वर काउंटी. ती आपल्या जिल्ह्यासारखी. सफोक ही एक काउंटी आहे, इंग्लंडच्या पूर्वेला. काउंटीच्या पोटात डिस्ट्रिक्ट असतात. नाव ऐकून फसायला होतं, पण आकाराने आणि जागेने ते आपल्या तालुक्याच्या जवळ जातात. मिड सफोकची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत एक लाखाच्या थोडी वर होती. आपल्याकडे अनेक तालुके याहून मोठे आहेत. आणि सगळ्यात खाली पॅरिश, म्हणजे साधारण आपली ग्रामपंचायत.

म्हणून आज आम्ही डिस्ट्रिक्ट कौन्सिलला तालुका परिषद म्हणू, म्हणजे ऐकताना गोंधळ होणार नाही. मिड सफोकची तालुका परिषद १९७४ साली सुरू झाली. स्टोमार्केट, नीडहॅम मार्केट आणि आय ही तिथली गावं. बाकी सगळी शेती आणि छोटी छोटी खेडी. गहू, जव, साखरेचं बीट अशी पिकं तिकडे घेतात. परिषदेचं कार्यालय मात्र तालुक्याच्या हद्दीबाहेर, इप्सविच शहरात आहे आणि शेजारच्या बाबर्ग तालुक्याबरोबर कर्मचारी वाटून घेतलेले आहेत. म्हणजे खेड्यातल्या बाईला परिषदेत काम असलं तर तिकडेही एसटीचं तिकीट काढावंच लागतं असं समजा.

कोणतं काम कोणाकडे हे कळलं की निकालाचं वजन कळतं. शाळा, मोठे रस्ते, वाचनालयं, म्हाताऱ्या आणि आजारी माणसांची देखभाल ही कामं काउंटीकडे. घरोघरचा कचरा उचलणं, नवीन घर किंवा वाढीव खोली बांधायला परवानगी देणं, परिषदेच्या मालकीची घरं गरजूंना भाड्याने देणं, हॉटेलांची स्वच्छता तपासणं, मतदार यादी सांभाळणं ही कामं तालुका परिषदेकडे. मुलांचं खेळाचं मैदान, पायवाटा, गावचं सभागृह अशी कामं बहुतेक वेळा पॅरिशकडे.

यात एक मजेशीर गोष्ट आहे. घरपट्टीसारखा तिथे कौन्सिल टॅक्स असतो. त्याचं बिल तालुका परिषद पाठवते, वसुलीही तीच करते. पण त्या पैशातला सगळ्यात मोठा वाटा काउंटीला जातो. त्यामुळे लोक शिव्या देतात तालुका परिषदेला आणि पैसे असतात भलत्याच्याच खिशात. आपल्याकडेही रस्ता कोणाचा, ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की बांधकाम खात्याचा, यावरून आपण किती दारं फिरतो ते तुम्हाला माहीत आहे.

मत कोणाला आणि ओळखपत्र कोणतं

आता ताईंचा पहिला प्रश्न. इंग्लंडमध्ये रीतसर परवान्यावर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. भारत राष्ट्रकुलात आहे. म्हणून भारताचा पासपोर्ट असलेल्या त्या मुलीला तिथे मत आहे. इतकंच नाही, राष्ट्रकुलाच्या नागरिकांना तिथल्या स्थानिक निवडणुकीला उभंही राहता येतं, राहण्याच्या परवान्याच्या अटी पूर्ण होत असतील तर. मात्र नाव आपोआप चढत नाही, ते स्वतः नोंदवावं लागतं. ज्यांची लेक, सून, भाचा तिकडे आहे त्यांनी फोनवर जेवणखाण विचारून झालं की एवढं जरूर विचारा, "यादीत नाव घातलंस का?"

मतदान बहुधा गुरुवारी, सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत. गावच्या सभागृहात, शाळेत, कधी चर्चमध्ये. यंत्र नाही. कागदाची मतपत्रिका आणि पेन्सिल. आवडत्या उमेदवाराच्या नावापुढे फुली मारायची आणि घडी घालून पेटीत टाकायची. ज्याला केंद्रावर जायचं नाही त्याने आधी अर्ज केला तर टपालाने मत देता येतं, त्याला कारण सांगावं लागत नाही.

२०२३ ची ती निवडणूक आणखी एका कारणाने वेगळी होती. इंग्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीसाठी मतदान केंद्रावर फोटोचं ओळखपत्र दाखवणं त्या दिवशी पहिल्यांदा सगळीकडे सक्तीचं झालं. त्याआधी नाव आणि पत्ता सांगितला की पुरत असे. आपल्याला नवल वाटेल, पण तिथे यावर खूप वाद झाला. पासपोर्ट, वाहन परवाना, ज्येष्ठांचा बसपास अशी ठराविक ओळखपत्रं चालतात. भारताचा पासपोर्टही चालतो. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांना फुकट प्रमाणपत्र मिळतं, पण त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो. तिथल्या निवडणूक आयोगाने नंतर सांगितलं की त्या दिवशी किमान १४ हजार माणसं केंद्रावर जाऊन ओळखपत्राअभावी मत न देता परतली. हजारात साधारण अडीच माणसं. आकडा लहान वाटतो. पण स्थानिक निवडणुकीत चार-सहा मतांनी जागा जाते, हे लक्षात घेतलं की तो लहान वाटत नाही.

यात बायकांसाठी एक खास मुद्दा आहे. लग्नानंतर नाव बदललं आणि मतदार यादीत एक नाव, ओळखपत्रावर दुसरं असं असलं, तर तिथे लग्नाचा दाखला वगैरे बरोबर न्यावा लागतो. आपल्याकडे माहेरचं नाव आणि सासरचं नाव यात किती जणींचं मत अडकलेलं असतं! आमच्या गटांत आम्ही आता कर्जाच्या फॉर्मबरोबर एक काम करून घेतो. आधार, बँकेचं पासबुक आणि मतदार यादी या तिन्हींतलं नाव एकसारखं आहे का ते बघतो. नसेल तर निवडणूक लागण्याची वाट न बघता दुरुस्तीचा अर्ज भरतो.

निकाल काय लागला

आता मूळ निकाल. मिड सफोकच्या परिषदेत ३४ जागा आहेत. काही प्रभागांतून एक सदस्य निवडून येतो, काहींतून दोन. दोन जागांच्या प्रभागात मतदाराला दोन फुल्या मारता येतात. बहुमताला १८ सदस्य लागतात.

हा भाग पिढ्यान्‌पिढ्या हुजूर पक्षाकडे कल असलेला. हुजूर पक्ष म्हणजे काँझर्व्हेटिव्ह, तिथला जुना, मोठा पक्ष. २०१५ साली परिषदेत त्यांचं भक्कम बहुमत होतं. २०१९ ला त्याला तडा गेला. हुजूर १६, ग्रीन पक्ष १२, लिबरल डेमोक्रॅट पाच आणि एक अपक्ष. कोणालाच १८ नाहीत. हुजूर पक्षाने कारभार चालवला, पण बहुमताशिवाय.

मग २०२३ आलं. ग्रीन २४, हुजूर सहा, लिबरल डेमोक्रॅट चार. देशातला दुसरा मोठा पक्ष असलेल्या मजूर पक्षाला एकही जागा नाही. ग्रीन पक्षाचे अँडी मेलन परिषदेचे नेते झाले. तिथे आपल्यासारखा थेट जनतेतून सरपंच निवडत नाहीत, निवडून आलेले सदस्य आपला नेता निवडतात.

ग्रीन पक्ष म्हणजे झाडं, नद्या, हवा, सार्वजनिक बस, स्वस्त घरं यांबद्दल बोलणारा छोटा पक्ष. त्याला ब्रिटनमध्ये कुठल्याही परिषदेत स्वबळावर बहुमत मिळण्याची ती पहिली वेळ. त्याआधी ब्रायटनमध्ये त्यांनी कारभार केला होता, पण बहुमत नव्हतं. त्यामुळे एका शेतकरी तालुक्याची बातमी देशभर गेली. पुढे जुलै २०२४ च्या संसदेच्या निवडणुकीत याच परिसरातला वेव्हनी व्हॅली मतदारसंघ ग्रीन पक्षाच्या एड्रियन रॅम्झी यांनी जिंकला. हा मतदारसंघ सफोक आणि नॉरफोक या दोन काउंट्यांच्या सीमेवर पसरलेला आहे.

आकडे कसे वाचायचे

२४ विरुद्ध सहा. ऐकल्यावर वाटतं, हुजूर पक्षाला आता तिथे कोणी विचारतच नाही. पण थांबा. जागा म्हणजे मतं नव्हेत.

तिथली पद्धत आपल्यासारखीच आहे. खरं तर आपणच ती त्यांच्याकडून घेतली. प्रभागात ज्याला सगळ्यात जास्त मतं तो विजयी, मग ती निम्म्याहून कमी का असेनात. एक हिशोब करून बघू. समजा एका प्रभागात हजार मतं पडली. एकीला ४००, दुसऱ्याला ३५०, तिसऱ्याला २५०. चारशेवाली निवडून आली. म्हणजे ६०० जणांनी तिला मत दिलं नव्हतं. आता समजा असं दहा प्रभागांत झालं. दहाही जागा त्या एका पक्षाच्या आणि मतं फक्त ४० टक्के. बाकीच्या ६० टक्क्यांच्या हाती एकही जागा नाही. म्हणून जागांचा आकडा ऐकला की पुढचा प्रश्न विचारायचा, मतं किती?

तिसरा प्रश्न, एकूण किती जणांनी मत दिलं? इंग्लंडमध्ये फक्त स्थानिक निवडणूक असेल तेव्हा साधारण तीन मतदारांतला एकच मतदान करतो. आपल्या ग्रामपंचायतीला गाव लोटतं, पंचाहत्तर-ऐंशी टक्के मतदान होतं, तसं तिकडे नाही. मग वरच्या उदाहरणातल्या हजार मतांच्या प्रभागात तीन हजार मतदार असणार. त्यातल्या चारशे जणांनी सदस्य निवडला. दोन हजार घरी बसले. निकाल त्या दोन हजारांनीही ठरवला, न येऊन.

आणि चौथा प्रश्न, फरक किती मतांचा? २०१७ मध्ये इंग्लंडच्या उत्तरेला नॉर्थंबरलंड काउंटी परिषदेची निवडणूक होती. तिथे ६७ जागा. साउथ ब्लाइद प्रभागात हुजूर आणि लिबरल डेमोक्रॅट अशा दोघांना बरोबर ३५६ मतं पडली. पुन्हा मोजली, तरी तेवढीच. कायद्याप्रमाणे अशा वेळी निवडणूक अधिकाऱ्याने नशिबावर सोडायचं असतं. तिथे दोघांना काड्या ओढायला लावल्या. लांब काडी लिबरल डेमोक्रॅट उमेदवाराच्या हाती आली. हुजूर पक्षाकडे राहिल्या ३३ जागा, बहुमताला हव्या होत्या ३४. अख्ख्या परिषदेचं बहुमत एका काडीने गेलं. त्याच वर्षी आपल्या मुंबई महापालिकेच्या एका प्रभागातही समान मतं पडून चिठ्ठीवर निकाल लागला होता. गावोगावी लहान मुलाच्या हातून चिठ्ठी काढल्याचं तर आपण पाहिलेलंच आहे. "माझ्या एका मताने काय होतंय" म्हणणाऱ्या वहिनींना ही काडीची गोष्ट जरूर सांगा.

एका रात्रीत झालेलं नाही

आता सगळ्यात कामाचा भाग. एक छोटा पक्ष, पैसा कमी, मोठे नेते नाहीत, त्याने जुन्या पक्षाच्या गावात २४ जागा कशा काढल्या?

थोडा वाटा हवेचा होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. २०२३ च्या मे महिन्यात देशात हुजूर पक्षाबद्दल नाराजी होती. महागाई, विजेची बिलं, वरच्या नेत्यांची भांडणं. त्या एका दिवसात त्या पक्षाने इंग्लंडभर हजारावर स्थानिक जागा गमावल्या. वरचा राग खालच्या उमेदवारावर निघतो, हे आपल्यालाही नवीन नाही.

पण हवा तर सगळीकडे होती. बहुतेक ठिकाणी तिचा फायदा मजूर पक्षाला किंवा लिबरल डेमोक्रॅटना झाला. मिड सफोकमध्ये तो ग्रीन पक्षाला झाला, कारण तिथे त्यांची माणसं आधीपासून होती. आकडे उलट दिशेने वाचा. २०२३ ला २४. त्याआधी २०१९ ला १२. त्याच्या आधी मोजकेच. या पक्षाची कामाची एक ठरलेली रीत आहे. सगळीकडे ताकद उधळायची नाही. जिंकता येईल असा एक प्रभाग निवडायचा. निवडणूक असो नसो, वर्षभर त्याच प्रभागात दारोदार जायचं. कोणाचा दिवा बंद आहे, कुठे बस येत नाही, कुठल्या नदीत घाण पाणी सोडतात ते लिहून घ्यायचं, पाठपुरावा करायचा आणि काय झालं ते एका पानाच्या पत्रकावर छापून परत त्याच दारात नेऊन द्यायचं. प्रभाग हाती आला की शेजारचा धरायचा.

मैत्रिणींनो, ही रीत आपल्या ओळखीची नाही का? दहा जणींचा एक गट. तो नीट चालला, वसुली वेळेवर झाली की शेजारच्या आळीतल्या बायका म्हणतात, आमचाही करा. मग ग्रामसंघ, मग प्रभागसंघ. कोणीही पहिल्या दिवशी प्रभागसंघ उभा केलेला नाही.

आरक्षण फिरतं तेव्हा

इथे आपल्यासाठी एक मोठा धडा आहे. इंग्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीत बायकांसाठी राखीव जागा नाहीत. एकही नाही. तिथल्या परिषदांत बायकांचं प्रमाण साधारण तिसऱ्या हिश्शाच्या थोडं वर आहे. आपल्याकडे त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने एकतृतीयांश जागा बायकांना मिळाल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. या बाबतीत आपण पुढे आहोत आणि ते अभिमानाने सांगावं.

पण आपल्याकडे आरक्षण फिरतं. आज प्रभाग महिला राखीव आहे, पुढच्या खेपेला सर्वसाधारण. पाच वर्षं जिने पाण्याच्या टाकीसाठी पंचायत समितीचे उंबरे झिजवले, अंगणवाडीचं छप्पर करून घेतलं, तिला सोडत झाल्यावर सांगतात, "ताई, आता आरक्षण गेलं, तुम्ही आराम करा." आणि आपल्यातल्या बहुतेक जणी खरंच घरी बसतात. कारण मनात कुठेतरी आपणही धरून चाललेलो असतो की राखीव जागा बायकांची आणि बाकीच्या पुरुषांच्या.

कायदा असं कुठेही म्हणत नाही. सर्वसाधारण जागा सर्वांची आहे, त्यात बाईही आली. मिड सफोकचा निकाल सांगतो की मतदार खुणा आणि हवा बघतो, तसं दारात परत परत येणारं माणूसही बघतो. पाच वर्षं दारात गेलेली बाई सहाव्या वर्षी का जाऊ नये? आरक्षणाने आपल्याला पहिलं दार उघडून दिलं. त्या प्रभागात मिळवलेली ओळख मात्र सोडतीत निघून जात नाही. ती आपली कमाई आहे.

इंग्लंडमध्ये आणखी एक सोय आहे. स्थानिक निवडणुकीला उभं राहायला अनामत रक्कम भरावी लागत नाही. आपल्याकडे भरावी लागते. आमच्या माहितीतल्या एका गटाने यावर विचार करून ठेवला आहे. गटातली कोणी उभी राहणार असेल तर अनामतीपुरतं कर्ज गटातून द्यायचं, नेहमीच्याच व्याजाने, नेहमीच्याच हप्त्याने. गटाचा पैसा प्रचाराला द्यायचा नाही, कारण गटात सगळ्या पक्षांच्या बायका असतात आणि गट फुटता कामा नये. ही रेघ नीट आखून घ्या.

जिंकल्यावर काय करता येतं

२४ जागा आल्या म्हणजे सगळं हातात आलं असं नाही. मिड सफोकमधून नॉरिच ते टिलबरी अशी विजेची मोठी उच्चदाब वाहिनी नेण्याची योजना आहे. उंच मनोरे शेतांतून, गावांजवळून जाणार, म्हणून लोकांचा विरोध आहे. पण अशा मोठ्या योजनेला मंजुरी द्यायची की नाही हे लंडनमधलं सरकार ठरवतं. तालुका परिषद हरकत नोंदवू शकते, बाजू मांडू शकते, थांबवू शकत नाही. करही हवा तेवढा वाढवता येत नाही. तालुका परिषदेने आपला वाटा साधारण तीन टक्के किंवा पाच पौंड यांच्यापेक्षा जास्त वाढवायचा म्हटला तर आधी लोकांचं मतदान घ्यावं लागतं.

म्हणून निकालानंतरचा पाचवा प्रश्न, निवडून आलेल्यांच्या हातात नेमकं काय आहे? जे त्यांच्या हातात आहे त्याचा हिशोब त्यांना मागायचा. जे नाही त्यासाठी त्यांनी वर काय पत्रव्यवहार केला ते विचारायचं. नाहीतर "आमच्या हातात काही नाही" हे एकच उत्तर पाच वर्षं ऐकावं लागतं.

निवडणूकच पुढे गेली तर

शेवटी थोडं काळजीचं. ही तालुका परिषदच पुढे राहील का, असा प्रश्न तिथे उभा राहिला. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने सांगितलं की काउंटी आणि तालुका अशा दोन परिषदा ठेवण्याऐवजी एकच मोठी परिषद करायची. खर्च वाचेल, लोकांना दहा दारं फिरावी लागणार नाहीत, असं सरकारचं म्हणणं. परिषद मोठी झाली की सदस्य कमी होतील आणि खेड्यापासून लांब जातील, असं विरोध करणाऱ्यांचं म्हणणं. दोन्हींत तथ्य आहे. या फेररचनेच्या तयारीसाठी मे २०२५ मध्ये होणारी सफोक काउंटीची निवडणूकही पुढे ढकलली गेली.

निवडणूक पुढे जाणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या बाईला कोणी समजावून सांगायला नको. २०२२ पासून आपल्या कितीतरी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या प्रशासकाच्या हाती गेल्या. वर्षामागून वर्ष गेलं. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून आदेश द्यावा लागला. त्या काळात कामं झालीच नाहीत असं नाही. पण काम अडलं तर कोणाच्या दारात जायचं, हा प्रश्न होता. प्रशासक साहेबांची बदली होते. सदस्य बाई आपल्याच आळीत राहते, बाजारात भेटते, हळदीकुंकवाला येते. तिला तोंडावर विचारता येतं. आणि निम्म्या जागा बायकांच्या असल्यामुळे निवडणूक थांबली की आपल्या निम्म्या खुर्च्याही रिकाम्या राहतात.

तेव्हा पुढच्या वेळी निकाल लागेल, मग तो आपल्या पंचायत समितीचा असो की लेकीच्या गावचा इंग्लंडमधला, तेव्हा गटाच्या बैठकीत पाच मिनिटं काढा. वहीत पाच ओळी लिहा. जागा किती कोणाला. मतं किती. मतदान किती टक्के. फरक किती मतांचा. आणि निवडून आलेल्यांच्या हातात कोणतं काम आहे. हे आकडे तहसील कार्यालयात मिळतात, वर्तमानपत्रात येतात, निवडणूक आयोगाकडेही असतात. शाळेत जाणाऱ्या मुलींना बसवून लिहून घ्या, त्यांचाही अभ्यास होईल. मग मागच्या निवडणुकीचे आकडे काढा आणि शेजारी लिहा. आपल्या प्रभागात बायका किती उभ्या होत्या, सर्वसाधारण जागेवर किती, तेही लिहा. त्या रकान्यात शून्य आलं तर त्यावर बैठकीत बोला, आणि कोणाचं नाव पुढे येतंय ते बघा.

ताईंच्या मुलीने त्या गुरुवारी मत दिलं का, असं तुम्ही विचाराल. दिलं. ड्यूटीवर जाण्याआधी, सकाळी सात वाजता, पासपोर्ट घेऊन. आता तुमच्या ओळखपत्रावरचं आणि यादीतलं नाव एकच आहे का, तेवढं आज संध्याकाळी बघून घ्या. पुढच्या भागात आपण नाव दुरुस्तीचा अर्ज कसा भरायचा ते सांगणार आहोत. तोपर्यंत नमस्कार.